जनुकांचा निकाल आणि मनाचा तोल

१९६८ सालची घटना. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात लिओनोर वेक्सलर ही मध्यमवयीन स्त्री सकाळच्या वेळी रस्ता ओलांडत होती. चालताना तिचा तोल जात होता. इतक्या सकाळी मद्यपान केल्याबद्दल एका पोलिसाने तिला हटकले. लिओनोर मद्य प्यायलेली नव्हती. तिचे वडील आणि तिन्ही भाऊ ज्या आजाराने गेले, त्याच हंटिंग्टन रोगाची लक्षणे तिच्यात दिसू लागली होती. निदान पक्के झाल्यावर तिचे पूर्वपती मिल्टन वेक्सलर यांनी आपल्या दोन्ही मुलींना बोलावून घेतले. आईला झालेला आजार काय आहे, हे त्यांनी सांगितले आणि तो दोघींपैकी प्रत्येकीला होण्याची शक्यता ५० टक्के आहे, हेही लपवले नाही. धाकटी नॅन्सी तेव्हा तेवीस वर्षांची होती.

आनुवंशिक रोगाची बातमी अशी येते. ती एका व्यक्तीच्या अहवालात लिहिलेली असते. पण वाचली जाते संपूर्ण कुटुंबाकडून. गेल्या चार दशकांत रक्ताच्या एका नमुन्यावरून भविष्यातील आजाराचे भाकीत करण्याचे सामर्थ्य वैद्यकशास्त्राने मिळवले. मात्र हे भाकीत ऐकणाऱ्याच्या मनाचे काय होते, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठीच जनुकीय समुपदेशन ही ज्ञानशाखा उभी राहिली.

चाचण्यांचे प्रकार

'जनुकीय चाचणी' या एका नावाखाली अनेक भिन्न गोष्टी येतात आणि त्यांचे मानसिक परिणामही भिन्न असतात. लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णाच्या आजाराचे कारण शोधणारी ती निदानात्मक चाचणी. येथे निकाल कटू असला तरी अनेकदा दिलासा देतो. वर्षानुवर्षे या डॉक्टरांकडून त्या डॉक्टरांकडे फिरलेल्या आईवडिलांना मुलाच्या आजाराचे नाव कळणे, हीसुद्धा एक सुटका असते.

दुसरी भाकीतात्मक चाचणी. ती पूर्णपणे निरोगी माणसावर केली जाते आणि पुढे होणाऱ्या आजाराची सूचना देते. तिसरी वाहक चाचणी. वाहकाला स्वतःला सहसा कोणताही त्रास नसतो. परंतु जोडीदारही त्याच रोगाचा वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात मूल रोगग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे आजार या प्रकारात मोडतात. चौथी गर्भावस्थेतील चाचणी. तिच्या निकालानंतर निर्णयासाठी दांपत्याच्या हाती फार थोडे दिवस असतात.

हंटिंग्टन रोगाचा धडा

भाकीतात्मक चाचणीच्या मानसिक परिणामांविषयी आज जे ज्ञात आहे, त्याचा मोठा भाग हंटिंग्टन रोगाच्या अभ्यासातून आला आहे. जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकन डॉक्टरने १८७२ मध्ये या रोगाचे वर्णन केले. हातापायांच्या अनैच्छिक हालचाली, स्वभावातील बदल, नैराश्य आणि हळूहळू बुद्धीचा ऱ्हास ही त्याची लक्षणे. ती बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतात. तोवर लग्न झालेले असते, मुलेही झालेली असतात. रोग बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही.

नॅन्सी वेक्सलर मानसशास्त्रज्ञ झाल्या. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या काठच्या वस्त्यांमध्ये हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. १९७९ पासून त्यांच्या पथकाने तेथे जाऊन चार हजारांहून अधिक रक्तनमुने गोळा केले आणि सुमारे अठरा हजार व्यक्तींची वंशावळ तयार केली. या परिश्रमाला यश आले. १९८३ मध्ये जेम्स गुसेला व सहकाऱ्यांनी रोगाचा दुवा चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले आणि १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक सापडले. या जनुकात सीएजी ही तीन रासायनिक अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. ही पुनरावृत्ती २६ किंवा त्याहून कमी असेल तर चिंता नाही; ४० किंवा त्याहून अधिक असेल तर पुरेसे आयुष्य लाभल्यास रोग होणारच. ३६ ते ३९ या आकड्यांत रोग होईलही किंवा होणारही नाही. २७ ते ३५ मध्ये त्या व्यक्तीला धोका नसतो. पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो.

चाचणी उपलब्ध होण्यापूर्वी जोखमीतील व्यक्तींना विचारले असता, बहुसंख्यांनी ती करून घेण्याची इच्छा व्यक्त केली होती. प्रत्यक्षात चाचणी आली तेव्हा निरनिराळ्या देशांत जेमतेम पाचांपैकी एकाने, काही ठिकाणी त्याहूनही कमी जणांनी, ती करून घेतली. उपाय नसेल तर जाणून काय करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. ५० टक्के जोखमीत ५० टक्के आशाही असते आणि ती आशा हातची जाऊ द्यायला माणूस सहजी तयार होत नाही.

भीती आणि वस्तुस्थिती

वाईट निकाल ऐकून माणसे आत्महत्या करतील, ही भीती प्रारंभी सर्वत्र होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत २१ देशांतील शंभर केंद्रांची माहिती एकत्र करण्यात आली. निकाल मिळालेल्या ४,५२७ व्यक्तींपैकी ४४ जणांच्या बाबतीत, म्हणजे सुमारे एक टक्का, गंभीर घटना घडल्या होत्या. त्यांत ५ आत्महत्या, २१ आत्महत्येचे प्रयत्न आणि मानसिक उपचारांसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागल्याच्या १८ घटनांचा समावेश होता. भीतीच्या मानाने हे प्रमाण कमी होते. मात्र ते मिळाले होते समुपदेशनाची शिस्त पाळणाऱ्या केंद्रांतून, ही बाब विसरून चालणार नाही. ज्यांना पूर्वी मानसिक आजार होता आणि ज्यांच्यात लक्षणे सुरू झाली होती, त्यांना धोका अधिक असल्याचेही दिसून आले.

त्याआधी, १९९२ मध्ये, कॅनडातील संशोधकांनी १३५ जणांच्या वर्षभराच्या निरीक्षणाचे निष्कर्ष मांडले. जोखीम कमी असल्याचे कळलेल्यांची मनःस्थिती सुधारली, हे अपेक्षितच होते. परंतु जोखीम वाढल्याचे कळलेले लोकही वर्षअखेर, ज्यांना कोणताच निकाल मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा, मनाने अधिक सावरलेले आढळले. वाईट बातमीपेक्षा टांगती तलवार अधिक छळते, असा याचा अर्थ. अर्थात, चाचणीसाठी स्वतःहून पुढे येणारी माणसे मुळात अधिक खंबीर असण्याचा संभव आहे. त्यामुळे हा निष्कर्ष सर्वांना सरसकट लागू करता येत नाही.

सुटलेल्यांचे ओझे

याच अभ्यासातून पुढे आलेली आणखी एक बाब अनेकांना चकित करणारी होती. 'रोग होणार नाही' असा निकाल मिळालेल्यांपैकी सुमारे दहा टक्के लोकांना त्या निकालाशी जुळवून घेणे जड गेले. काहींनी रोग होणारच असे गृहीत धरून आयुष्य आखले होते. शिक्षण अर्धवट सोडले होते, लग्न टाळले होते, मूल होऊ दिले नव्हते. एका कागदाने ते गृहीतक मोडले आणि गेलेली वर्षे मात्र परत येण्यासारखी नव्हती.

काहींना भावंडांचे ओझे वाटले. एकाच घरातील दोन भावांपैकी एक सुटतो आणि दुसरा अडकतो, तेव्हा सुटलेल्याला आनंद उघडपणे व्यक्त करता येत नाही. आपण कोणाचा तरी वाटा हिरावून घेतला, अशी अपराधी भावना त्याला पोखरते. पुढे शुश्रूषेची जबाबदारीही बहुधा त्याच्याकडेच येते. म्हणून चांगला निकाल मिळालेल्यांनाही नंतरच्या भेटींसाठी बोलावण्याची पद्धत रूढ झाली.

अनिश्चित निकालांची चिंता

कर्करोगाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये स्तनांच्या आनुवंशिक कर्करोगाचा दुवा सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. १९९४ मध्ये 'बीआरसीए-१' आणि १९९५ मध्ये 'बीआरसीए-२' ही जनुके निश्चित झाली. त्यांतील सदोष बदल असलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींना आयुष्यात केव्हातरी स्तनांचा कर्करोग होतो. 'बीआरसीए-१' मध्ये बीजांडकोशाच्या कर्करोगाची जोखीमही मोठी असते. मात्र येथे करण्यासारखे पुष्कळ असते. नियमित तपासण्या, औषधे आणि प्रतिबंधक शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत. २०१३ मध्ये अभिनेत्री अँजेलिना जोली यांनी स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याचे जाहीर केले आणि हा विषय घरोघरी पोहोचला.

पर्याय असले की निर्णयाचा भारही येतो. निरोगी अवयव काढायचा का, काढायचा तर मूल होण्याआधी की नंतर, नवऱ्याला आणि सासरी काय सांगायचे, हे प्रश्न तिशीतल्या स्त्रीपुढे एकाच वेळी उभे राहतात. त्यात आणखी एका प्रकारच्या निकालाची भर पडते: जनुकात बदल आढळला, पण तो घातक की निरुपद्रवी हे आज सांगता येत नाही. जागतिक माहितीसाठ्यांत भारतीयांच्या नोंदी तुलनेने कमी असल्याने असे निकाल येथे अधिक वेळा मिळतात. अशा निकालावर घाईने शस्त्रक्रिया करणे चुकीचे असते आणि तो पूर्णपणे विसरून जाणेही.

एक गैरसमजही दूर व्हायला हवा. हे सदोष जनुक वडिलांकडूनही येते. आत्याला किंवा वडिलांच्या आईला झालेल्या स्तनांच्या कर्करोगाची नोंद 'ते दुसऱ्या बाजूचे' म्हणून न सांगण्याची चूक अनेक कुटुंबांत होते.

वाहकपणाचा कलंक

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा विषय वाहकांचा आहे. विदर्भातील जिल्हे, गडचिरोली आणि नंदुरबारचा आदिवासी पट्टा येथे सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. तथापि हा रोग कोणत्याही एका समाजाची मक्तेदारी नाही. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. तपासणी झालेल्यांना त्यांच्या स्थितीची नोंद असलेले कार्ड दिले जाते.

अशा मोहिमांसाठी ग्रीसमधील ओर्कोमेनॉस या गावाचा अनुभव डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तेथे सुमारे २३ टक्के लोक सिकलसेलचे वाहक होते. संशोधकांनी सर्वांची तपासणी केली, वाहकांना तसे सांगितले आणि दोन वाहकांनी परस्परांशी विवाह करू नये असा सल्ला दिला. काही वर्षांनी, १९७०च्या दशकात, पुन्हा पाहणी झाली तेव्हा वाहकांना कमी प्रतीचे मानले जात असल्याचे, अनेकांनी आपली स्थिती लपवल्याचे आढळले. आणि दोन वाहकांमधील विवाहांचे प्रमाण योगायोगाने जितके झाले असते तितकेच राहिले होते. रोग टळला नाही, कलंक मात्र पदरी पडला. अमेरिकेतही १९७०च्या दशकात सिकलसेल तपासणीनंतर निरोगी कृष्णवर्णीय वाहकांना नोकऱ्या आणि विमा नाकारल्याच्या तक्रारी झाल्या. तेथील हवाई दलाच्या प्रबोधिनीची दारे त्यांना १९८१ पर्यंत बंद होती.

उलट उदाहरण सायप्रसचे. तेथे थॅलेसेमियाविषयी आधी व्यापक लोकशिक्षण झाले. १९८३ पासून चर्चने विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र आवश्यक केले. पण निकाल काहीही असला तरी विवाहाला आडकाठी केली नाही. बहुतेक वाहक जोडप्यांनी विवाह केले आणि गर्भजल किंवा गर्भवेष्टनाच्या चाचणीचा आधार घेतला. रोगग्रस्त मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. 'लग्न मोडा' असे सांगण्यापेक्षा 'जाणून लग्न करा' असे सांगणे अधिक परिणामकारक ठरले.

पत्रिका जुळवताना नाडी, गण, मंगळ पाहणाऱ्या घरांत रक्ताचा अहवाल मागण्याची सुरुवात आता होऊ लागली आहे. ही चांगली गोष्ट असली, तरी तिचा उपयोग मुलीला नकार देण्यासाठी होऊ लागला तर ओर्कोमेनॉसचीच पुनरावृत्ती होईल. अप्रभावी रोग होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावे लागते; तरीही घरात आजारी मूल जन्मले की दोष मातेच्या माथी मारला जातो. पतीने तपासणीस नकार देणे आणि पत्नीने एकटीने रुग्णालयाच्या पायऱ्या झिजवणे, हे चित्र बदलल्याखेरीज प्रतिबंध पुरा होणार नाही. मामाच्या मुलीशी विवाहाची चाल असलेल्या समाजांत तर दोन्ही बाजूंची तपासणी अधिकच अगत्याची ठरते.

समुपदेशन म्हणजे सल्ला नव्हे

'जनुकीय समुपदेशन' हा शब्दप्रयोग अमेरिकेतील शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये रूढ केला. त्यापूर्वी 'सुप्रजनना'च्या नावाखाली कोणी मुले जन्माला घालावीत हे शासनाने ठरवण्याचे भीषण प्रयोग जगाने पाहिले होते. म्हणून समुपदेशकाने माहिती द्यावी, आधार द्यावा, परंतु निर्णय लादू नये, हे तत्त्व या शाखेने स्वीकारले. भारतीय कुटुंबांत मात्र 'डॉक्टर, तुम्हीच सांगा काय करायचे' असा आग्रह असतो. अशा वेळी प्रश्न टाळल्यास ते कुटुंब निराधार होते आणि थेट उत्तर दिल्यास निर्णय दुसऱ्याचा होतो. कुशल समुपदेशक यांच्या मधली वाट काढतो. यापूर्वीचे कठीण निर्णय त्यांनी कसे घेतले, कशाची भीती सर्वाधिक वाटते, घरात कोणाचे मत निर्णायक असते, हे विचारत तो त्यांना त्यांच्याच उत्तराकडे नेतो.

हंटिंग्टन रोगासाठी १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे निश्चित झाली. चाचणीपूर्वी सविस्तर माहिती, विचारासाठी किमान एक महिन्याचा अवधी, सोबत विश्वासातील व्यक्ती, निकाल समोरासमोर आणि त्यानंतरही भेटी, असा हा क्रम आहे. कोणत्याही टप्प्यावर, रक्त दिल्यानंतरसुद्धा, निकाल न ऐकण्याचा अधिकार त्या व्यक्तीकडे राहतो. प्रौढपणी होणाऱ्या आणि उपाय नसलेल्या रोगांसाठी अठरा वर्षांखालील मुलांची चाचणी करू नये, असेही ही तत्त्वे सांगतात. आपले भविष्य जाणावे की नाही, हा निर्णय मोठेपणी त्या मुलाचा असतो.

समुपदेशकाचे एक मोठे काम म्हणजे आकड्यांचा अर्थ लावून देणे. 'चारांत एक' याचा अर्थ अनेक दांपत्ये 'एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन निरोगी' असा घेतात. प्रत्यक्षात प्रत्येक गर्भारपणी शक्यता नव्याने तेवढीच असते. शिवाय २५ टक्के हा आकडा एकाला थोडा आणि दुसऱ्याला भयंकर वाटतो. रक्त चढवण्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी मुलाला रुग्णालयात नेणाऱ्या मातेला तो नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

माहिती कोणाची?

एका व्यक्तीचा निकाल नकळत इतरांचाही निकाल सांगून जातो. आजोबांना हंटिंग्टन रोग होता, वडिलांना काही जाणायचे नाही आणि नातवाने चाचणी करून घेतली. ती सदोष निघाली तर वडिलांचे भवितव्यही उघड झाले. न जाणण्याचा हक्क आणि जाणण्याचा हक्क येथे एकाच घरात समोरासमोर उभे राहतात. बहिणीच्या लग्नापर्यंत अहवाल लपवून ठेवा, असा दबाव भावावर येतो. ज्या नातेवाइकांना वेळीच कळल्याने जीव वाचू शकतो, त्यांना कसे आणि कोणी सांगायचे याची तयारी करून घेणे हाही समुपदेशनाचाच भाग आहे.

विम्याची चिंता वेगळी. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. आयुर्विमा मात्र त्याबाहेर राहिला. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आरोग्य विम्यातील असा भेदभाव घटनाबाह्य ठरवला, तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. गर्भावस्थेतील चाचण्यांना १९९४ चा गर्भलिंगनिदानविषयक कायदा लागू आहे. ठरावीक आजारांसाठी, नोंदणीकृत केंद्रातच आणि स्त्रीला समजणाऱ्या भाषेत माहिती देऊन तिच्या लेखी संमतीनेच त्या करता येतात.

घरपोच मिळणाऱ्या लाळेच्या चाचण्यांनी नवे प्रश्न निर्माण केले आहेत. निकाल मोबाइलवर येतो. तो वाचताना शेजारी कोणी नसते. अशा चाचण्या विकणारी '२३अँडमी' ही अमेरिकन कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा लक्षावधी ग्राहकांना आपल्या जनुकीय माहितीचे पुढे काय होणार, हा प्रश्न पडला.

चाचणीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

- निकाल वाईट आला तर प्रत्यक्षात काय करता येईल? चांगला आला तर जोखीम पूर्ण संपेल की फक्त कमी होईल?
- निकाल अनिश्चित येण्याची शक्यता किती?
- चाचणी आधी कुटुंबातील रोगग्रस्त व्यक्तीची करणे योग्य ठरेल का?
- निकाल कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही, हे आधी ठरले आहे का?
- हा निर्णय स्वतःचा आहे की घरातील कोणाच्या दबावाखाली घेतला जात आहे?
- निकालानंतरच्या आठवड्यांत बोलण्यासाठी समुपदेशक उपलब्ध असेल का?

मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालय, बंगळुरूची निमहान्स यांसारख्या संस्थांत आनुवंशिक आजारांसाठी समुपदेशनाची सोय आहे. तथापि प्रशिक्षित समुपदेशक मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत आणि सिकलसेलचे रुग्ण मात्र गडचिरोली, नंदुरबारच्या पाड्यांत. रक्ताचा नमुना दूर पाठवता येतो. धीर देणारा माणूस मात्र जवळच असावा लागतो. तपासणीच्या उद्दिष्टांबरोबर समुपदेशकांच्या संख्येचे उद्दिष्टही ठरवले जाणे म्हणूनच आवश्यक आहे.

नॅन्सी वेक्सलर यांच्या परिश्रमांतून ज्या चाचणीचा मार्ग खुला झाला, ती त्यांनी स्वतः करून घेतली नाही. २०२० मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आपल्याला हंटिंग्टन रोग झाल्याचे त्यांनी जाहीर केले. मधल्या पन्नास वर्षांत त्यांनी संशोधन केले, जगभरच्या रुग्णांना आधार दिला आणि न जाणण्याचा आपला हक्क जपला. दुसऱ्या कोणी त्यांच्या जागी चाचणी करून घेतली असती, तर तेही तितकेच योग्य ठरले असते. जाणावे की न जाणावे, याचे एकच बरोबर उत्तर नाही. ते उत्तर शोधण्यासाठी प्रत्येकाला वेळ, माहिती आणि सोबत मिळावी, एवढी व्यवस्था मात्र करता येण्यासारखी आहे.